कुकटपल्लीचे बालवाचक आणि रुपयातले आठ पैसे

पुण्याहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग सोलापूर, उमरगा, जहिराबाद ही गावे मागे टाकून हैदराबादेत ज्या वाटेने शिरतो, त्या वाटेवर मियापूर ओलांडल्यानंतर लागणारी कुकटपल्ली ही एके काळी शहराबाहेरची लहानशी वस्ती होती, हे आज तेथील मेट्रोचे खांब, सदनिकांचे मनोरे आणि दुकानांच्या अखंड रांगा पाहून कोणास खरे वाटणार नाही. बालानगरच्या कारखान्यांनी येथे कामगार आणले, गृहनिर्माण मंडळाच्या विस्तीर्ण वसाहतीने मध्यमवर्ग आणला, आणि पुढे संगणकाच्या व्यवसायाने साऱ्या देशातील तरुण संसार येथे आणून वसवले. त्यामुळे सकाळी मजुरांच्या अड्ड्यावर घटकाभर उभे राहिले, तर तेलुगू आणि ओडिया यांच्या जोडीने देगलूर-उदगीरकडची मराठीही सहज कानी पडते. या सर्व माणसांबरोबर त्यांची मुलेही आली. त्या मुलांच्या हाती पुस्तक कोणी द्यावे आणि त्या पुस्तकाचा पैसा कोठून यावा, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु गेल्या वर्षी एका अर्जाच्या निमित्ताने त्याच्या मुळाशी जाण्याची मला पाळी आली, आणि तेव्हापासून तो माझ्या मनातून जात नाही.

या उपनगरातील एका सार्वजनिक वाचनालयात वर्तमानपत्रे वाचावयास मी अधूनमधून जात असतो. सकाळी दार उघडण्यापूर्वीच तेथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले पाण्याच्या बाटल्या आणि स्वतःचीच जाडजूड पुस्तके घेऊन उभी असतात, आणि दार उघडताच लांब मेजांवरील सगळ्या जागा भरून जातात. खिडकीच्या कोपऱ्यात काचेच्या दारांचे एक लोखंडी कपाट आहे. त्यात मुलांची पुस्तके आहेत, आणि कपाटाला कुलूप आहे. एके दिवशी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी काचेला नाक लावून आतील पुस्तकांच्या पाठीवरची नावे एक-एक अक्षर लावून वाचीत असलेली मला दिसली. तिचा बाप देगलूर तालुक्यातला गवंडी. घरी मराठी, शाळेत तेलुगू. माझ्या हातातले मराठी मासिक पाहून ती जवळ आली आणि म्हणाली, "काका, आतलं घेता येतं का?"

ग्रंथपालांनी ड्रॉवरमधून किल्ली काढून कपाट उघडून दिले. मुलीने हत्तीचे चित्र असलेले एक पातळ पुस्तक ओढून काढले. त्याच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारीखपट्टीवर दोनच शिक्के होते. पुस्तक केव्हातरी सुटे झाल्यामुळे बाइंडिंगवाल्याने ते टाके घालून, खाकी कापडाची पट्टी लावून घट्ट बांधले होते, आणि त्या शिवणीत प्रत्येक जोडपानाच्या मधले दोन-दोन बोटे चित्र गडप झाले होते. मुलीने पान दोन्ही हातांनी ताणून पाहिले, आत डोकावून पाहिले आणि विचारले, "हत्तीचं तोंड कुठं गेलं?" त्या प्रश्नाला माझ्यापाशी किंवा ग्रंथपालांपाशी उत्तर नव्हते.

कपाटाला कुलूप का, असे मी त्यांना नंतर विचारले. त्यांनी दिलेले उत्तर इतके सरळ होते की त्यात त्यांचा दोष काढावा असे मला वाटले नाही. ग्रंथालयात आलेले प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढते, त्याला दाखल अंक मिळतो, आणि त्या क्षणापासून ते खुर्ची-मेज-पंख्याप्रमाणे सरकारी मालमत्ता होऊन जाते. मोजणीच्या वेळी ते सापडले नाही, तर जबाब ग्रंथपालाला द्यावा लागतो. मोठ्यांचे पुस्तक वीस वर्षे टिकते. मुलांचे पुस्तक, ते खरोखर वाचले गेले तर, दोन वर्षांत फाटते, आणि वाचले गेले नाही तरच शाबूत राहते. तेव्हा हिशेब चोख ठेवणारा मनुष्य कपाटाला कुलूप घालणार, हे ओघानेच आले. बालविभागासाठी अनुदान मिळावे म्हणून त्यांनी एक अर्ज लिहावयास घेतला होता. त्याचा मसुदा त्यांनी मला वाचावयास दिला. आमची त्या विषयावरची बोलणी तेथून सुरू झाली.

हैदराबादेत ग्रंथालयांना दोन कुळी आहेत, हे येथे सांगितले पाहिजे. एक कुळी दरबारी. १८९१ साली सय्यद हुसेन बिलग्रामी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेले आसफिया ग्रंथालय हे तिचे मूळ. मुसी नदीच्या काठी अफझलगंजला त्याची जी भव्य इमारत आज उभी आहे, ती १९३६ साली वापरात आली, आणि १९५५ साली त्याच ग्रंथालयाला राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचा दर्जा मिळाला. अरबी-फारसीच्या अमोल हस्तलिखितांचे ते भांडार विद्वानांसाठी होते. दुसरी कुळी लोकांची, आणि तिचा उगम वर्गणीच्या पावतीपुस्तकात आहे. निजामी राज्यात उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती, आणि तेलुगू, मराठी, कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेला स्वभाषेतील ग्रंथासाठी स्वतःच्याच खिशात हात घालणे भाग होते. १ सप्टेंबर १९०१ रोजी हैदराबादेत श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् स्थापन झाले ते रावीचेट्टू रंगाराव यांच्या राहत्या घरी. आणि त्याच १९०१ साली, त्याच राज्याच्या मराठी मुलखात, परभणीचे गणेश वाचनालयही सुरू झाले. एका राज्यात, एका वर्षी, दोन भाषांतील माणसांना एकच गोष्ट सुचावी, याला मी योगायोग म्हणणार नाही. उपेक्षा सारखी होती म्हणून उपायही सारखा निघाला.

त्या तेलुगू ग्रंथालयाच्या संस्थापकांत कोमर्राजू लक्ष्मणराव यांचे नाव येते, आणि मराठी वाचकाने ते आवर्जून ध्यानात ठेवावे. कृष्णा जिल्ह्यात जन्मलेल्या या पुरुषाचे शिक्षण नागपुरास, बहीण भंडारू अच्चमांबा यांच्या घरी राहून झाले. मराठी त्यांना इतकी अवगत होती की आरंभीचे त्यांचे लेखन मराठी नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी तेलुगू ज्ञानकोशाचे काम हाती घेतले. मराठी ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर १९३१ साली हैदराबादेच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होऊन आले, तेव्हा लक्ष्मणरावांना जाऊन आठ वर्षे झाली होती. ते हयात असते, तर ही भेट दोन्ही भाषांच्या इतिहासात नोंदली गेली असती असे मला नेहमी वाटते.

परंतु या वर्गणीच्या ग्रंथालयांत मूल कोठे होते? खरे सांगावयाचे तर फारसे नव्हते. वर्गणी देतो तो मागणी करतो, आणि मूल वर्गणी देत नाही. या अडचणीचे उत्तर आपल्याकडे प्रथम सापडले ते बडोद्यास. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण करून राज्यभर ग्रंथालयांचे जे जाळे विणले, त्यात मुलांसाठी खेळ, चित्रे व पुस्तके यांची स्वतंत्र जागा मध्यवर्ती ग्रंथालयातच राखून ठेवलेली होती, आणि पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत असत. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांची पैशाची पद्धत: गावकऱ्यांनी जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीने घालावी आणि तेवढीच सरकारने. गावाने पहिला रुपया काढला की पुढचे दोन रुपये मागावे लागत नसत, ते ठरलेलेच असत. आज समान निधीच्या योजना म्हणून ज्या ओळखल्या जातात, त्यांचा हा उत्तम पूर्वज म्हणावा लागेल.

आता कुकटपल्लीच्या अर्जाकडे येऊ. अनुदान मागावयाचे म्हटले की आपल्या मनात प्रथम येते ती कोलकात्याची वाट, आणि मसुद्यातही तीच होती. राममोहन रॉय यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली त्या निमित्ताने १९७२ साली केंद्र सरकारने राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान स्थापन केले. त्याच्या मदतीचे दोन प्रवाह आहेत: समान निधीत राज्य आपला वाटा घालते आणि केंद्र आपला; असमान निधीत सगळा भार प्रतिष्ठान उचलते, आणि बाल ग्रंथालये व सार्वजनिक ग्रंथालयांतील बालविभाग यांच्यासाठीची मदत या दुसऱ्या प्रवाहात येते. अर्ज थेट कोलकात्यास जात नाही. राज्याच्या ग्रंथालय खात्याकडून, राज्य समितीच्या शिफारशीनिशी, तो वर जावा लागतो; सोबत हिशेबतपासनिसाने तपासलेली जमाखर्चाची पत्रके, ठराव आणि यापूर्वी काही मदत मिळाली असल्यास तिचे विनियोग प्रमाणपत्र जोडावे लागते. हे सगळे रास्तच आहे. सार्वजनिक पैसा आहे, त्याचा हिशेब हवाच. मात्र हे कागद गोळा करण्याची उसंत ज्या ग्रंथालयात ग्रंथपाल, लेखनिक आणि शिपाई ही तिन्ही कामे एकच मनुष्य पाहतो, तेथे कोठून यावी? ज्याला गरज अधिक, त्याचा अर्ज अपुरा राहण्याची शक्यताही अधिक. आणि मिळाले तरी ते एकदाच मिळते. फाटणाऱ्या वस्तूसाठी एकदाच मिळालेले अनुदान पुरे पडत नाही. तिसऱ्या वर्षी कपाट पुन्हा खाकी पट्ट्यांनी भरते.

म्हणून मी त्यांना म्हटले की कोलकात्याचा अर्ज जरूर करावा, परंतु पहिली मागणी घरच्या तिजोरीकडे असावी. ती तिजोरी आहे, आणि ती कायद्याने निर्माण केलेली आहे. १९५५ साली हैदराबाद राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तेव्हा मराठवाड्याचे पाच जिल्हे त्याच राज्यात होते, म्हणजे देगलूर आणि कुकटपल्ली एकाच सरकारच्या अमलाखाली होती. पुढे राज्यपुनर्रचना झाली, आणि १९६० साली आंध्र प्रदेशाने नवा कायदा केला. तेलंगणात आजही त्याच परंपरेचा कायदा चालू आहे. त्याचा गाभा एका ओळीत सांगता येतो: घरपट्टीच्या दर रुपयामागे आठ पैसे ग्रंथालय उपकर. हा पैसा स्थानिक स्वराज्य संस्था करासोबत वसूल करते आणि तो तिने ग्रंथालय संस्थेकडे भरावयाचा असतो. ज्या घराची वर्षाची पट्टी पाच हजार रुपये आहे, त्या घराच्या नावाने चारशे रुपये ग्रंथालयासाठी निघतात. चारशे रुपयांत राष्ट्रीय पुस्तक न्यासाची चार-पाच चित्रपुस्तके तरी येतात. एका इमारतीत अशी चाळीस घरे धरली, तर त्या एका इमारतीच्या उपकरातून दरसाल एक चांगले कपाट भरावे. आणि कुकटपल्लीत अशा इमारती किती आहेत, हे तेथून मेट्रोने एकदा जाणाऱ्यालाही दिसते.

मग पुस्तके का येत नाहीत? कारण पैसा एका दप्तरात जमा होतो आणि ग्रंथालय दुसऱ्या दप्तराच्या अखत्यारीत असते. या दोन दप्तरांमधल्या वाटेत उपकराची रक्कम वर्षानुवर्षे थकते, ही गोष्ट तेलंगणात वेळोवेळी चर्चेला आलेली आहे. जी रक्कम पोहोचते तिच्यातून वीज, डागडुजी, वर्तमानपत्रे भागवल्यावर पुस्तकांसाठी जे उरते, ते परीक्षार्थींच्या पुस्तकांकडे वळते. त्या तरुणांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांची निकड खरी आहे, आणि ते आपली मागणी मागणीपुस्तकात लिहितात, सह्या करतात, प्रसंगी अधिकाऱ्यांना जाऊन भेटतात. नऊ वर्षांची मुलगी यांतले काहीच करीत नाही. ती काचेला नाक लावते, आणि कुलूप निघाले नाही तर परत जाते. तिची तरतूद तिच्या मागणीवर सोडून चालणार नाही. ग्रंथखरेदीच्या रकमेतला ठरावीक हिस्सा बालविभागासाठी बांधून ठेवला पाहिजे, तो दरसाल मिळाला पाहिजे, आणि त्यास हात लावण्याचा अधिकार कोणासही असता कामा नये. याच्याच जोडीला दुसरी गोष्ट, जिला एक पैसाही लागत नाही: मुलांची पुस्तके वापराने जीर्ण झाली, तर ती निर्लेखित करण्याची मुभा ग्रंथपालास सढळपणे असावी. फाटलेले बालपुस्तक ही हानी न समजता झालेला खर्च समजावा, जसे रुग्णालय वापरलेले औषध हरवले असे मानीत नाही. एवढा एक ठराव झाला, तर अनेक कपाटांची कुलुपे नवे अनुदान येण्याआधीच निघतील.

महाराष्ट्राने १९६७ चा ग्रंथालय कायदा करताना उपकराचा मार्ग स्वीकारला नाही. तेथे लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीने शासन परिरक्षण अनुदान देते. २०२२ साली त्या अनुदानात साठ टक्के वाढही जाहीर झाली. दोन्ही पद्धतींचे गुणदोष आहेत आणि त्यांचा विस्तार येथे करीत नाही. मला दिसतो तो त्यांच्यामधला खंड. गवंड्याच्या त्या मुलीच्या गावी ड वर्गाचे जरी वाचनालय असेल, तरी त्यास महाराष्ट्राचे अनुदान आहे. ती दीड-दोनशे किलोमीटर इकडे आली की त्या अनुदानाची हद्द संपते. आणि इकडील खरेदीच्या यादीत तेलुगू, उर्दू, हिंदी, इंग्रजी असे रकाने असतात. मराठीचा रकाना कुकटपल्लीसारख्या ठिकाणी कोणाच्या ध्यानातही येत नाही. शहरात इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, आणि हैदराबादेच्या मराठी समाजाने ते निष्ठेने सांभाळले आहे. पण ते शहराच्या दुसऱ्या टोकास. ज्या घरात रोजावर जाणारी दोन माणसे आहेत, त्या घरातील मुलीला तेथे घेऊन कोण जाणार?

यावरून कोणी असे समजू नये की त्या कपाटात मराठीचीच भर घालावी असा माझा आग्रह आहे. त्या मुलीने तेलुगू पुस्तक उचलले होते, आणि ती ते वाचीत होती. ते योग्यच होते. मात्र तिच्या तेलुगू पुस्तकाशेजारी एक मराठी पुस्तक असते, तर तिच्या आईलाही तिच्याजवळ बसून काही वाचून दाखवता आले असते. ज्यांचे बालपण पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागू नये. मद्रासेहून १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये निघालेला 'चंदामामा' १९५२ पासून मराठीत 'चांदोबा' होऊन घरोघर येऊ लागला, आणि तेच विक्रम-वेताळ, त्याच चित्रांनिशी, राजमहेंद्रीचे मूल आणि राजापूरचे मूल एकाच महिन्यात वाचीत असे. आज ते मासिक नाही. परंतु राष्ट्रीय पुस्तक न्यासाच्या नेहरू बाल पुस्तकालयात एकच पुस्तक अनेक भाषांत निघते. 'प्रथम बुक्स' या संस्थेने २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर' या नावाने बालकथा अनेक भाषांत खुल्या करून ठेवल्या आहेत, ज्या कोणालाही विनामूल्य उतरवून छापून घेता येतात. सिकंदराबादेचे 'मंची पुस्तकम्' तेलुगूत आणि पुण्याचे ज्योत्स्ना प्रकाशन मराठीत मुलांसाठी देखणी पुस्तके काढीत आहेत. सामग्रीची वाण नाही. एकच गोष्ट तेलुगूत आणि मराठीत, शेजारी शेजारी ठेवलेली, अशा पन्नास जोड्या जरी त्या कपाटात आल्या, तरी अड्ड्यावरच्या शंभर घरांत वाचनाची सोय होईल.

अर्जाच्या मसुद्यात आम्ही हे सगळे लिहिले. रकाने भरताना 'लाभार्थी बालकांची संख्या' असा एक रकाना आला, तेव्हा ग्रंथपाल थांबले. सभासद म्हणून नोंद झालेली मुले मोजकीच होती. अनामत रक्कम भरावी लागते म्हणून अनेकांची नावे चढलेलीच नव्हती. मग त्यांनी एक काम केले, ज्याबद्दल मला त्यांच्याविषयी अतिशय आदर वाटतो. पुढचा महिनाभर त्यांनी कपाट रोज संध्याकाळी दोन तास स्वतःच्या जबाबदारीवर उघडे ठेवले, आणि जे मूल येऊन पुस्तक हातात घेईल त्याचे नाव व घरची भाषा एका साध्या वहीत लिहून ठेवली. ती वही त्यांनी अर्जासोबत जोडली आहे. त्या महिन्यात एक पुस्तक हरवले आणि तीन फाटली. तेही त्यांनी वहीत नोंदवले आहे. अर्ज खालच्या दप्तरातून वर गेला आहे, आणि त्यावर मंजुरी अद्याप यावयाची आहे.

वाचकांना माझी विनंती आहे. आपण हैदराबादेत राहत असाल, तर आपल्या पट्टीतून ग्रंथालयासाठी दरसाल किती रुपये जातात याचा हिशेब एकदा कागदावर मांडा, आणि तो कागद घेऊन घराजवळच्या शाखा-ग्रंथालयात जा. महाराष्ट्रात राहत असाल, तर आपल्या गावच्या वाचनालयाचे गेल्या वर्षाचे ग्रंथखरेदीचे बिल पाहावयास मागा, आणि त्यात मुलांची पुस्तके किती आहेत ते मोजा. दोन्हीकडे जाताना घरातले मूल बरोबर न्या, आणि मागणीपुस्तकात त्याला हव्या असलेल्या पुस्तकाचे नाव त्याच्याच हाताने लिहवून घ्या.